मालकाचं टपाल

धाकटीनं डब्याची पिन उपटली, मनातल्या मनात दहा मोजले आणि पिन परत खोचली. डब्यावरचा दिवा आधी लाल झाला, मग पिवळा, मग हिरवा. तिनं एक चाचणीचा मेल पाठवला. तो गेला आणि कुठेच पोचला नाही. आणखी एक पाठवला. त्याचीही तीच गत. धाकटी खुर्चीत मागे रेलली आणि एकेक करून बोटं मोडू लागली. अगदी हवं तसं झालं होतं.

डबा तळहातावर मावेल एवढा. त्याच्या पोटात त्याला चालवणारी छोटीशी प्रणाली, लिनक्स, आणि त्या लिनक्सच्या अंगाखांद्यावर टपालाच्या प्रोग्रामला बसवायचं, हे तिचं काम. कार्यालयात सगळे त्या प्रोग्रामला दरवान म्हणत. गिऱ्हाइकाच्या कचेरीत येणारा आणि तिथून जाणारा प्रत्येक मेल आधी दरवानाच्या हातात पडे. तो उलटसुलट करून बघे आणि मगच पुढे सोडे. आजवर हा दरवान मागच्या खोलीतल्या कपाटाएवढ्या सर्व्हरवर ऐसपैस राहत होता. आता त्याचं पॅकेज बांधायचं होतं. कुठला भाग घ्यायचा, कुठला टाकायचा, कुणावाचून त्याचं अडतं, फाइली कुठे मांडायच्या, वीज आल्यावर कुणाच्या मागून उठायचं, हे सगळं ठरवायचं होतं. बंगल्यातलं बिऱ्हाड एका खोलीत हलवण्यासारखंच ते, आणि धाकटी त्यात वाकबगार होती.

उठण्याच्या क्रमात तिनं दोन आकड्यांची अदलाबदल केली होती. त्यामुळे दरवान नेटवर्कच्या आधी जागा होई, रस्ता सापडला नाही म्हणून मुकाट मरून जाई. चालू डब्यात त्याला कितीही वेळा उठवा-झोपवा, काही बिघडत नव्हतं. वीज पूर्ण जाऊन आली की मात्र कारभार आटोपला. पंधरवड्यानं एका मोठ्या विमा कंपनीचे लोक डबा बघायला येणार होते. असल्या लोकांतला एखादा तरी हटकून पिन उपटून बघतो. सगळ्यांच्या देखत. आणि उद्या कुणी जाब विचारलाच, तर कुणाच्याही हातून होणारी साधी चूक. ताकास तूर लागणार नव्हती.

"मॅडम, मिळालं का?"

दारात मालक उभा होता. पन्नाशीचा, नीटनेटका, हातात फोन. तिनं पडद्यावर आपले मेल उघडून पाहिले.

"नाही. अजून काही आलं नाही."

"पाठवलाय मी. विमावाल्यांचे प्रश्न आहेत त्यात." तो थांबला. फोनवर बोट फिरवून त्यानं काहीतरी शोधलं, सापडलं नाही. "म्हणजे... पाठवला असणार. इथे तर दिसत नाहीये. परत पाठवतो."

तो गेला. पलीकडच्या टेबलावर हिशेब बघणाऱ्या काकू तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

"तुम्ही नव्या आहात म्हणून सांगते. सगळे त्यांना 'मिळालं का' म्हणतात. मेल पाठवायचा विसरतात आणि मग दारोदार विचारत हिंडतात. नाहीतर एकच निरोप दोनदा पाठवतात."

तासाभरानं मेल आला. पाठवल्याची वेळ आत्ताची होती. थोड्या वेळानं तोच मेल पुन्हा आला. धाकटीनं दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आणि तिला बरं वाटलं. माणूस खोटं बोलतो हे तिला ठाऊकच होतं. आता तो त्यातही ढिसाळ झाला होता.

ठाऊक असायला कारण होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी ही कंपनी एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत दोन मित्रांनी सुरू केली. दरवान लिहिणारा तिचा दादा, आणि गिऱ्हाइकं आणणारा हा. मूळ प्रोग्राम कुणीही घ्यावा असा, जगाला खुला. पण त्याला कामाचा केला तो दादानं. मग एका गिऱ्हाइकाचे आठवडाभराचे मेल गडप झाले. डिस्क भरत आली म्हणून मालकानंच मेलची प्रत ठेवणं परस्पर बंद केलं होतं. पण गिऱ्हाइकासमोर, सगळ्या माणसांसमोर, तो दादाच्या खांद्यावर हात ठेवून हळहळत म्हणाला होता, "ह्याचं डोकं हल्ली ठिकाणावर नाही. काय केलं ते ह्याचं ह्यालाच आठवत नाही. डॉक्टरकडून तपासून घे म्हणून मीच मागे लागलोय."

दादानं राजीनामा दिला, नव्या माणसाला काम समजावून द्यायला महिनाभर निमूट जात राहिला, आणि मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपला. धाकटी तेव्हा कॉलेजात होती. रोज सकाळी ती त्याच्या उशाशी चहा ठेवायची आणि संध्याकाळी साय धरलेला तोच कप उचलायची. "केसानं गळा कापला मेल्यानं," आई म्हणायची. पुढे दादा उठला, पण कॉम्प्युटरला त्यानं पुन्हा हात लावला नाही. तो तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवू लागला. मालकाचा विषय निघाला की म्हणे, "जाऊ दे गं. तोही माणूसच आहे." आई सुस्कारा टाकून म्हणे, "गोगलगाय आहे माझं लेकरू."

दादानं सोडून दिलं. धाकटीनं डूख धरला. म्हणून या कंपनीला पॅकेज बांधणारं कुणी हवंय असं कळलं, तेव्हा हातातली दोन कामं बाजूला सारून ती आली. सासरचं आडनाव लावून आली. मालकानं तिला ओळखलं नाही. दादाला तिनं सांगितलं नाही.

दुपारच्या चहाला काकू खुर्ची ओढून जवळ आल्या.

"हसले खरी मघाशी, पण वाईटही वाटतं हो. बायकोनं डॉक्टरकडे नेलंय त्यांना. विसरण्याची सुरुवात आहे म्हणाले. गोळ्या चालू आहेत. हे विम्याचं काम झालं की भागीदारांच्या हाती सगळं देऊन घरी बसणार आहेत."

"तपासणीत निघालं तसं?"

"तपासणीत कुठे काय निघतं! पण पाठवल्याची शपथ घ्यायची आणि मेल पाठवलेलाच नसायचा, असं वर्षानुवर्षं. डॉक्टर तरी काय म्हणणार?"

धाकटीनं चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता, तरी तिला तो गोड लागला. करावं तसं भरावं म्हणतात; इथे तर मापून भरलं होतं.

त्या आठवड्यात तिनं ठिगळांचं काम हाती घेतलं. मूळ खुला प्रोग्राम आणि कंपनीकडची प्रत, यांत जिथे जिथे फरक असेल तो प्रत्येक बदल सुटा करायचा आणि त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, हे ठिगळ कशासाठी. असं केल्यावाचून पॅकेज बांधता येत नाही. बहुतेक बदल दादाचे होते. तो भागांना घरगुती नावं द्यायचा. मेल तपासायला थांबवायची जागा म्हणजे 'उंबरठा', नको असलेले मेल टाकायची 'अडगळ'. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली ती नावं बघून धाकटीला अधूनमधून हसू येई, अधूनमधून डोळे पुसावे लागत.

एका ठिगळाशी ती अडली. दादाची टीप एवढीच होती: टपालाची शिस्त.

कोड जेमतेम पानभर होता. आलेला मेल कुणी पाठवलाय ते तो बघत होता, पण पत्ता सरळ लिहिलेला नव्हता. अक्षरांची बेरीज-वजाबाकी करून एक मोठा आकडा काढला होता आणि त्या आकड्याशी जुळणाऱ्या एकाच माणसाचा मेल तो वेगळा काढत होता. धाकटीनं कार्यालयातल्या सगळ्यांचे पत्ते त्यात घालून पाहिले. काकूंचा जुळला नाही. भागीदाराचा जुळला नाही. मालकाचा जुळला.

त्याचा दर तीन-चार मेलमागे एखादा मेल दरवान उंबरठ्यावर बसवून ठेवत होता. कधी पाऊण तास, कधी तीन तास. मग सोडून देत होता.

धाकटीला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात दाबला तरी ते थांबेना, आणि काकूंनी चष्म्यावरून पाहिलं तेव्हा तिला ठसका लागल्याचं सोंग करावं लागलं. दादानं! मुंगी दिसली तरी वळसा घालून जाणाऱ्या दादानं!

मग तिनं पुढच्या ओळी वाचल्या.

मेल सोडताना दरवान त्यावरची पाठवल्याची वेळ खोडून सोडतानाची वेळ घालत होता. आणि पाठवलेल्या मेलची जी प्रत मालकाच्या स्वतःच्या खात्यात उतरायची, तीही त्याच्याच हातून जाई. तीही तितकाच वेळ थांबे आणि तीच बदललेली वेळ घेऊन उतरे. म्हणजे मालक पाठवून लगेच तपासायला गेला, तर त्याच्या खात्यात काहीच नसे. जगाला दिसे की यानं पाठवलेलं नाही. त्याला स्वतःलाही तेच दिसे.

काय केलं ते ह्याचं ह्यालाच आठवत नाही.

धाकटीनं हात मांडीवर ठेवले. राजीनाम्यानंतरचा तो महिना तिला आठवला. रोज जेवणाचा डबा घेऊन निमूट निघणारा दादा. तेव्हा तो हे विणत होता.

तिनं टेबलावरच्या आपल्या डब्याकडे पाहिलं. आकड्यांची अदलाबदल करून पिन उपटण्याची वाट बघणं आता तिला फार पोरकट वाटलं.

तरणतलावावर सकाळची पोरं येऊन गेली होती. दादा काठावर पाय सोडून बसला होता. गळ्यात शिट्टी, केसांत पांढरं दिसू लागलेलं.

"ठमे! आज इकडं कशी?"

ती चपला काढून शेजारी बसली.

"दादा, मी तुझ्या जुन्या कंपनीत काम घेतलंय. दरवान नव्या डब्यात बसवतेय."

त्याचे पाण्यातले पाय थांबले.

"'टपालाची शिस्त' सापडली मला," ती म्हणाली.

पाण्याकडे बघत, मान न वळवता दादानं विचारलं, "चालतंय अजून?"

त्या आवाजात असं काही होतं, की धाकटीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. जत्रेत हरवलेलं खेळणं सापडल्यावर पोराच्या तोंडावर असतं तसं.

"एकदाही न अडखळता," ती म्हणाली.

"मला वाटलं होतं, दोन-चार महिन्यांत कुणाच्या तरी लक्षात येईल. येऊन बघतील, मला शिव्या देतील." तो मान हलवून हसला. "कुणी उघडूनसुद्धा बघितलं नाही म्हणजे. मग? काय करतो तो?"

धाकटीनं सांगितलं. 'मिळालं का' हे नाव सांगितलं, तेव्हा दादा खळखळून हसला. दोनदा आलेले मेल सांगितले. मग डॉक्टर सांगितले, गोळ्या सांगितल्या, कंपनी सोडून घरी बसणार तेही सांगितलं. हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण आतून कुणीतरी दिवा काढून न्यावा तसं ते झालं.

"कसल्या गोळ्या?"

"विसरण्याच्या."

"आणि तो घेतो?"

"रोज."

दादानं पाय पाण्याबाहेर काढले. टॉवेलनं तो ते पुसत राहिला. कोरडे झाले तरी पुसत राहिला.

"काढून टाक ते," तो म्हणाला.

"काढणारच आहे. डब्यात नेणार नाही."

"नुसतं काढून भागायचं नाही. त्याला सांग. माझं नाव घेऊन सांग, की ह्यानं केलं. तुझं डोकं चांगलं आहे म्हणावं."

"त्यानं तुझं काय केलं होतं, विसरलास?"

"मी काही विसरलो नाही, ठमे." त्यानं टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. "पण हे फार झालं. हे मीसुद्धा केलं नसतं."

"तूच केलंयस, दादा."

"तेच तर," तो म्हणाला.

धाकटीनं कबूल केलं. सांगेन म्हणाली. त्याच दिवशी तिनं ठिगळ टाकून दिलं आणि उठण्याच्या क्रमातले दोन आकडेही जागेवर आणले. पॅकेज बांधून झालं तेव्हा ते इतकं आटोपशीर झालं होतं, की निम्मा डबा रिकामा राहिला.

विमा कंपनीचे लोक आले. त्यांच्यातल्या एका दाढीवाल्यानं अपेक्षेप्रमाणे बोलता-बोलता पिन उपटली आणि परत लावली. मालकाच्या कपाळावर घाम आला. दिवा लाल झाला, पिवळा झाला, हिरवा झाला, आणि दाढीवाल्याच्या फोनवर चाचणीचा मेल टिंग करून वाजला. काम मिळालं. मागच्या खोलीतला सर्व्हर बंद केला, तेव्हा कार्यालयात अचानक एवढी शांतता पसरली की काकू म्हणाल्या, कान बसल्यासारखं वाटतंय.

सांगायचं मात्र राहून जात होतं. आधी काम मिळू दे म्हणून, मग सर्व्हर हलू दे म्हणून. दादा दर रविवारी फोनवर विचारी आणि ती म्हणे, सांगते. शेवटी काम पुरं झालं, तिचा निरोपाचा दिवस आला, आणि मालकानंच तिला आपल्या खोलीत बोलावलं. येताना तिनं शब्द जुळवून ठेवले होते. दादानं सांगितलेलेच, त्याच क्रमानं.

"बसा, मॅडम." त्यानं खिडकीजवळची चांगली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि चहा मागवला. त्याचा चेहरा उजळला होता. "महिना झाला. माझा एकही मेल चुकलेला नाही. एकही! भागीदार म्हणाला, आता कशाला घरी बसतोस? राहा."

"छान झालं," धाकटी म्हणाली. "त्याबद्दलच मला थोडं—"

"गोळ्यांचा गुण!" तो म्हणाला. "डॉक्टरांनी मध्यंतरी डोस वाढवला आणि बघा. इतकी वर्षं मी स्वतःला खोटारडा समजत होतो हो. बायकोसुद्धा तसंच बघायची." त्यानं कप उचलला. बशीवर त्याची थरथर वाजली तसा त्यानं दुसरा हात खाली धरला. "हात तेवढा हलतो आता. दिवसा डोळा लागतो. पण डोकं परत आलं. त्यापुढे हाताचं काय?"

धाकटीनं त्या हाताकडे पाहिलं. जुळवलेले शब्द अगदी ओठांवर आले होते. त्याआधी एकच गोष्ट तिला विचारायची होती. तिनं ठरवून ठेवली नव्हती. तोंडातून आपोआप निघाली.

"हा दरवान मुळात इतका कामाचा कुणी केला? कोड फार सुरेख आहे. आत नावंसुद्धा गमतीची आहेत."

मालकानं कप खाली ठेवला. खिडकीबाहेर बघताना त्याचे डोळे मऊ झाले.

"मीच," तो म्हणाला.

"एकट्यानं?"

"एकट्यानं. लाँड्रीवरची खोली होती, उन्हाळ्यात भाजून निघायचो. तेव्हा डोकं चालायचं माझं."

ती त्याच्याकडे निरखून बघत राहिली. नजर चोरणं, घसा खाकरणं, काहीतरी. तसलं काहीच नव्हतं. तो सरळ तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जुन्या कष्टांच्या आठवणीचं समाधान होतं. तो खोटं बोलत होता की त्याला खरंच तसं आठवत होतं, ते तिला कळेना. पण आठवणीतल्या त्या लाँड्रीवरच्या खोलीत, तिच्या दादाच्या जागी, तो आरामात बसला होता.

"तुम्ही काहीतरी सांगत होता," मालक म्हणाला.

"काही नाही. तेच, डबा चांगला चाललाय."

"हो, हो. डबाही चांगला आहे." तो हसला. "डॉक्टरांना विचारावं म्हणतोय, आता बरं वाटतंय तर गोळ्या कमी करून बघू का?"

धाकटी उठली. तिनं पर्स खांद्याला लावली, पदर सारखा केला.

"छे, छे," ती म्हणाली. "गुण येतोय तर मध्येच कशाला सोडायच्या? चालू ठेवा."

"बायकोही हेच म्हणते," तो खूश होऊन म्हणाला आणि दारापर्यंत तिला सोडायला आला.

जिन्यात तिचा फोन वाजला. दादा होता. रविवार नव्हता, तरी त्याला राहवलं नव्हतं.

"आज शेवटचा दिवस ना? सांगितलंस?"

"सांगितलं."

"माझं नाव घेऊन?"

"हो."

दादानं श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. मग दबक्या आवाजात त्यानं विचारलं, "काय म्हणाला?"

धाकटी एका पायरीवर थांबली. कठड्यावरची धूळ तिनं बोटानं पुसली.

"आधी गप्प बसला. मग म्हणाला, चूक आपलीच होती. तेव्हा सगळ्यांसमोर तुझ्याबद्दल तसं बोलायला नको होतं म्हणाला."

जिन्यात फोन खरखरला.

"दादा?"

"खरंच असं म्हणाला तो?" त्याचा आवाज भरून आला होता.

"हो रे," धाकटी म्हणाली, आणि जिना उतरू लागली.